कोरड्यातली सहावी कमान

आमच्या पुलाला सहा कमानी आहेत. पाच पाण्यात आणि सहावी कोरड्यात. कुकडीच्या काठानं पहिल्यांदा येणारा माणूस गाडी थांबवून खाली उतरतो, पाच कमानी बघून खूश होतो, फोटो काढतो, आणि सहावीपाशी आला की बुचकळ्यात पडतो. नदी तर केव्हाच संपली, मग ही एकटी इथं मातीवर कशाला उभी? त्यातून ती बाकीच्यांपेक्षा रुंद आणि जरा बसकी. कुणी म्हणतं ठेकेदाराकडं माल उरला होता. कुणी म्हणतं साहेबाचं मोजमाप चुकलं. परवा कॉलेजातल्या एका पोरानं मोबाइलवर व्हिडिओ टाकला, त्यात तो छातीठोकपणे सांगतो की नदीनं आपलं पात्र बदललं आणि कमान मागं राहिली. मी त्याच्या खाली लिहिणारच होते की बाळा, नदी होती तिथंच आहे, तूच जरा सरक. पण नातीनं हातातून फोन काढून घेतला. म्हणाली, आजी, भांडायचं असेल तर पुस्तकात भांड. म्हणून हे लिहिते. त्या कमानीचं कारण म्हणजे चार बैल, एक घोडी, आईच्या मासवड्या आणि मी. माझं नाव मी शेवटी घेतलं हे नुसतं शिष्टाचार म्हणून.

आमचं घर नदीच्या उंच काठावर, निमगाव सावाच्या रस्त्याला लागून. सकाळी जाग यायची ती बैलांच्या घुंगरांनी, कोंबड्याचा नंबर दुसरा. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, बैलगाड्याच्या शर्यतीचे नादिष्ट. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगते. आमच्याकडं शर्यत चढावर होते. त्या चढाला घाट म्हणतात. खाली गाडा जुंपायचा, दोन जोड्या, चार बैल. पुढं घोडीवर एकजण बसतो आणि बैल तिच्या मागं जीव खाऊन पळतात. वर निशाण पडलं की खालची माणसं धरून ठेवलेलं जू सोडून देतात, घड्याळवाला घड्याळ दाबतो, आणि चुन्याच्या रेघेपर्यंत किती सेकंद लागले त्यावर नंबर. एका पळण्याला बारी म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाड्यात माणूस नसतो. गाडा रिकामा पळतो. लहानपणी मी एकदा हट्ट केला होता की मला गाड्यात बसवा, तर दादा असे दचकले की जणू मी देव्हाऱ्यात बसते म्हणाले. गाड्याला माणूस लागता कामा नये, हा आमच्या घरातला पहिला नियम.

बैलांचा थाट काय सांगू. पुढच्या जोडीत हरण्या आणि बादल. त्यांना उडदाचं पीठ, दूध, अंडी, हिवाळ्यात अंगावर झूल. आम्हाला भाकरी आणि हुलग्याचं माडगं. आई म्हणायची, पुढच्या जन्मी ह्या घरात यायचं तर शिंगं घेऊनच यावं. तिचं बोलणं असं भाकरी थापता थापता चालायचं, पीठ उडायचं आणि टोमणाही. दादा हसायचे, पण अंडी कमी करायचे नाहीत. त्यांच्या तोंडात दिवसातून निदान एकदा एकच शब्द असायचा, "किती?" सरावाची बारी झाली, की धापा टाकत वर पोचायचे आणि देवळाच्या गुरवाला विचारायचे, किती? गुरवाच्या गळ्यात घड्याळ असे. तो आकडा सांगायचा आणि त्या आकड्यावर आमच्या घरचा त्या दिवसाचा मूड ठरायचा.

आता नदी. गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल नदीपलीकडं. उन्हाळ्यात नदी गुडघाभर, चप्पल हातात घेतली की झालं. पण पावसाळा लागला की पाणी दोन्ही काठ धरून चालायचं आणि पलीकडं जायचं तर गुऱ्हाळातल्या गुळाच्या काहिलीत बसून. काहील म्हणजे लोखंडाची भलीमोठी परात म्हणा. दोन पोहणारे ती ढकलत न्यायचे. मी आठवीत होते तेव्हा काहील मधोमध गरकन फिरली, आम्ही तिघी पाण्यात. बाकी काही झालं नाही, वेणीला धरून तात्यानं मला बाहेर काढलं, दप्तर मात्र थेट गंगेला गेलं. तात्या म्हणजे दादांचा धाकटा भाऊ, घोडीवर बसणारा तोच. त्या दिवसापासून दादांनी माझं पावसाळ्यातलं नदी ओलांडणं बंद केलं. म्हणजे मी आठवी शिकले ती अर्धीच, कोरडी अर्धी. ओल्या अर्ध्यात बीजगणित होतं. ते मी आजतागायत कुणाकडून नीट शिकले नाही.

अर्धी शाळा म्हणजे काय कामाची, असं घरात सुरू झालं आणि तेवढ्यात कळंबचं स्थळ सांगून आलं. घर बरं होतं, मुलगाही बरा असावा, मी काही त्याला पाहिलं नाही. मी फक्त रडले, जेवले नाही, आणि हरण्याच्या गोठ्यात जाऊन बसले. नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली की आमच्या नदीवर पूल मंजूर होतोय, मोजणीला साहेब येणार. दादा मला शोधत गोठ्यात आले. माझ्याकडं न बघता बादलच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पूल झाला तर साळा. न्हाय झाला तर मांडव. ह्यात आता बदल न्हाय." दादांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी तिथल्या तिथं उठले आणि चार भाकरी खाल्ल्या. पूल होणारच होता, मंजूर झालेला पूल कुठं जातो? मला तेव्हा सरकारी कामं माहीत नव्हती.

साहेब आले ते आमच्याच माडीवर उतरले, कारण गावात दुसरी माडी नव्हती. तरुण होते, मूळचे वऱ्हाडातले, काडीसारखे बारीक, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्यांच्याजवळ तीन पायांवर उभी करायची मोजणीची दुर्बीण होती आणि ते तिला पोरासारखं जपायचे. संध्याकाळी ते ओसरीवर नकाशा पसरायचे आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून आई चारी कोपऱ्यांवर फुलपात्रं ठेवायची. त्या नकाशावर मी पूल पहिल्यांदा पाहिला. रस्त्यानं जाताना दिसतो तसा नव्हे, नदीत उभं राहून बाजूनं पाहावा तसा. पाच कमानी, एकीला लागून एक. माझ्या अंगावर शहारा आला. पेन्सिलीच्या एका रेघेनं इकडचा काठ तिकडच्या काठाला लावला होता, आणि ती रेघ कुणीतरी हातानं काढली होती. हातानं! मी साहेबांना इतके प्रश्न विचारले की आई म्हणाली, त्यांना घास तरी गिळू दे. कमान आपलं ओझं दोन्ही बाजूंना ढकलते, म्हणून दोन्हीकडं पाय टेकायला खडक लागतो, हे मी त्या ओसरीवर शिकले. पुढं पुण्यात पुलांच्या कचेरीत नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण त्याहून सोप्या शब्दांत ते मला कुणी सांगितलं नाही.

आणि मग खुंट्या ठोकल्या. पुलाची रेघ आमच्या काठावर चढली आणि नेमकी गावच्या घाटाला आडवी गेली. घाट नदीच्या वाळूपासून तिरका भैरवनाथाच्या देवळाकडं चढतो. पुलाच्या तोंडाशी रस्ता उंच आणायचा म्हणजे मातीचा मोठा भराव घालणं आलं, आणि तो भराव घाटावर बांध घातल्यासारखा बसणार. घाट खलास. गाव पेटलं. यात्रा तोंडावर आलेली, पै-पावणं येणार, आजूबाजूच्या गावांचे गाडे येणार, आणि साहेब म्हणतात घाट दुसरीकडं करा. जसा काही घाट म्हणजे खाट आहे, उचलली आणि टाकली. सगळ्यात जास्त पेटले कोण, तर दादा. मला शब्द देणारे दादाच आता पारावर बसून सांगत होते की खुंटी ठोकू द्यायची नाही. साहेबांनी हात जोडून सांगितलं की खडक इथंच आहे, वर-खाली नुसती वाळू. गावानं जागा दिली नाही तर मंजुरी घोडनदीवर जाईल, कळंबच्या बाजूचे लोक पूल मागून मागून थकलेत. म्हणजे पूल कळंबला जाणार आणि पाठोपाठ मीही कळंबलाच.

त्यातच ती गंमत झाली, जी आमच्या गावाशिवाय जगात कुठंच होणार नाही. साहेब गावाचं न ऐकता मोजणी उरकत होते. स्वतः दुर्बीण घेऊन वर, देवळाच्या अलीकडं. त्यांचा माणूस खाली वाळूत, हातात मोजपट्टीची काठी. मधल्या रेघेवर चुना टाकलेला, कडेनं लाल निशाणं रोवलेली. खालच्या माणसाला खूण करायला साहेबांच्या हातातही एक लाल निशाण. आणि त्या माणसापासून दहाच पावलांवर, घाटाच्या तळाशी, दादांची माणसं सरावाचा गाडा जुंपून उभी. तात्या घोडीवर. गुरव घड्याळ घेऊन वर. मी देवळाच्या पायरीवर शेंगा निवडत बसलेली, म्हणजे निवडत कमी आणि साहेबांकडं रागानं बघत जास्त. साहेबांनी खालच्या माणसाला काठी सरकवायची खूण केली. हात वर केला, आणि निशाण खाली पाडलं.

आमच्या माणसांना निशाण पडलेलं दिसलं. कुणाचं, कशाचं, हे बघायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. जन्मभर निशाण पडलं की जू सोडायचं एवढंच ठाऊक. सोडलं! घोडी उधळली. चुन्याची रेघ दिसते तिकडं पळायचं हे तिला पाठ, आणि त्या दिवशी ताजी पांढरी रेघ होती साहेबांची. मागं हरण्या, बादल, मागची जोडी आणि धाडधाड उडणारा गाडा. पारावरची माणसं सवयीनं उठून "भिर्रर्र" करायला लागली. साहेबांनी डोळा दुर्बिणीला लावलेला. त्यात काय दिसलं असेल ते त्यांनाच ठाऊक, बहुतेक हरण्याचं नाक. त्यांनी दुर्बीण तिन्ही पायांसकट छातीशी कवटाळली आणि पळाले. बाजूला नाही हो, सरळ वर, रेघेवरून! पुढं साहेब, मागं घोडी, मागं बैल. मी शेंगांचं सूप टाकून पायरीवर उभी राहिले आणि मला कळेना की किंचाळावं का हसावं. तेवढ्यात साहेब ठेचकाळले आणि गंजीतून सांडलेल्या कडब्यात तोंडावर आपटले, दुर्बीण तेवढी दोन्ही हातांनी वर धरलेली. घोडी त्यांच्या शेजारून सटकली, आणि बैल रोजच्यासारखे देवळापुढं जाऊन आपोआप थांबले.

दादा धापा टाकत वर आले. साहेब जिवंत आहे का मेला, हे विचारायच्या आधी सवयीनं गुरवाकडं वळून म्हणाले, "किती?" आणि गुरवानं सवयीनं घड्याळ दाबलेलंच होतं. त्यानं आकडा सांगितला. त्या सालातली सगळ्यात चांगली बारी. तेवढ्यात कडब्यातून आवाज आला, "आणि माझा किती?" मी सांगते, पारावरचे म्हातारे पोट धरून खाली बसले. तात्या तर पुढं वर्षभर सांगत होता की घोडीपेक्षा साहेब बरा, ह्याला हरभरे लागत नाहीत. साहेबांच्या कोपराला खरचटलं होतं, चष्म्याची एक काच गेली होती, आणि चेहरा असा खुलला होता की जणू त्यांनाच पहिला नंबर मिळाला. दादांनी त्यांना हात देऊन उठवलं, अंगावरचा कडबा झाडला. त्यानंतर साहेब दोन दिवस मोजणीला गेले नाहीत. घाटाच्या कडेला बसून सराव बघत राहिले.

पण हसण्यानं भरावाची माती हलत नसते. वरून निरोप आला होता की आठवड्यात गावाचं होय-नाही कळवा. दादांचं नाही ठरलेलंच होतं. त्या दुपारी आईनं मासवड्या केल्या. जुन्नरकडची मासवडी खाल्ली नसेल त्यानं आधी ती खावी आणि मग माझं पुस्तक उघडावं. बेसनाची उकड ओल्या फडक्यावर थापायची, मधी तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं सारण, दुमडून लांबट करायची आणि वड्या पाडायच्या. वडी खालून सपाट, वरून गोलाकार. सोबत तिखटजाळ रस्सा. साहेबांना पहिल्या दिवशी वाटलं होतं मासे वाढले, शाकाहारी माणूस ताट सोडून उठत होता, आईनं दरडावून बसवलं. आता तेच मागून घ्यायचे. जेवताना दादा कुणाकडं न बघता म्हणाले की साहेब, वाईट वाटून घेऊ नका, उद्या गावाचं नाही कळवतो. मी वाढत होते. रश्श्याची वाटी खाली ठेवली. वडिलांपुढं पाहुण्यादेखत बोलायची आमच्याकडं रीत नव्हती. मी बोलले.

"बैलांची वाट मोडू नये म्हनून माझी वाट मोडायची का, दादा?"

दादांचा घास हातात राहिला. ते ताटावरून उठणार असं मला दिसलं, आणि आईनं, जी कधी मधे पडायची नाही, त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली. वाढलेल्या ताटावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, दादा बसून राहिले. साहेब खाली मान घालून मासवडीशी चाळा करत होते. एक वडी त्यांनी ताटातल्या रश्श्यात उभी केली. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. मला संताप आला, इथं माझा जीव चाललाय आणि हा माणूस ताटात खेळतोय. रश्श्यात पाच वड्या उभ्या राहिल्या. मग साहेबांनी सहावी घेतली आणि ती रश्श्याच्या बाहेर, ताटाच्या कोरड्या कडेला, पाचवीला चिकटून उभी केली. आणि तिच्याखालचं सारण बोटानं कोरून काढलं. आरपार भोक. ते त्या भोकाकडं बघत राहिले, मग दादांकडं.

"भराव घालायचाच नाही," साहेब म्हणाले. "तिथं कमान घालू. घाट खालून जाईल."

दादा कितीतरी वेळ त्या वडीकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "आन् घोडीवरचा मानूस?"

"वाकावं लागणार नाही."

"हात वर करून बसलेला?"

"हात वर करून."

दादांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि तोंडात घातली. आमच्या घरात होकार असाच असतो. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला अशी मिठी मारली की तिच्या हातातली पळी चुलीत गेली.

दुसऱ्या दिवशी घाटात असा सोहळा झाला की यात्रा फिकी. साहेबांना कमानीची उंची ठरवायची होती, त्यासाठी तात्याला घोडीवर बसवून खाली उभा केला. तात्या म्हणाला नुसता कसा बसू, शर्यतीला बसतो तसाच बसणार. घरी जाऊन गुलाबी फेटा बांधून आला, तुरा असा ताठ सोडलेला की विचारू नका. घोडीला झूल, कपाळावर भंडारा. हात वर, मूठ आवळलेली. शेजारी साहेबांचा माणूस बांबू धरून. साहेबांनी मूठ मोजली. तात्या म्हणाला तुऱ्याचं काय, ताठ बसलो तर तुरा लागेल ना. मग तुराही मोजला. मग कुणीतरी म्हणालं घोडी उडी मारते तेव्हा? मग घोडीला उडवली. साहेब प्रत्येक वेळी हसत हसत कागदावर टिपून घेत होते. वरच्यांना त्यांनी लिहून पाठवलं की पुराचं पाणी काठावर चढलं तर निघून जायला जास्तीची वाट हवी. ते खोटंही नव्हतं. पुढं एकदा नदी रागावली तेव्हा भराव असता तर अर्धं गाव पाण्यात गेलं असतं, पाणी सहावीतून गुमान निघून गेलं. पण ती कमान घातली गेली ती तात्याच्या मुठीच्या मापानं, हे लिहून ठेवायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

पुढचे उन्हाळे म्हणजे नुसती धामधूम. दगड, खडी, सिमेंट, लाकडी सांगाडे, आणि त्या सांगाड्यांवर एकामागून एक वळण घेत जाणाऱ्या कमानी. मी कोरड्या महिन्यांत नदीतून शाळेला जाताना रोज खाली उभी राहून वर बघायची, मान दुखेपर्यंत. ओल्या महिन्यांत घरी बसून अभ्यास करायची, आणि दादांनी कळंबचं नाव पुन्हा काढलं नाही. सहाव्या कमानीखालचा लाकडी सांगाडा काढायचा त्या दिवशी साहेब म्हणाले की आधाराशिवाय कमान पहिल्यांदा आपल्या पायांवर उभी राहते, तेव्हा ती कण्हते, कान देऊन ऐका. सगळा गाव कान देऊन उभा. शेवटचा खांब निघाला, काहीतरी बारीकसं करकरलं, आणि कमान उभी राहिली. दादा सरळ कमानीखाली जाऊन बसले, पान-तंबाखू काढली आणि साहेबांना म्हणाले, या. दोघं तिथं तंबाखू मळत बसले. नातीनं मागं मला पुण्यातला नवा तारांचा पूल दाखवायला नेलं होतं, रात्री दिवे लावून सजवतात तो. देखणा आहे, माझ्या कचेरीतल्या पोरांनी त्याच्यावर घाम गाळलाय, मला नाव ठेवायचं नाही. पण मी सवयीनं वाकून त्याच्या खाली बघितलं. खाली कुणी तंबाखू मळत नव्हतं.

पूल पुरा झाला, पण उद्घाटनाला मोठ्या माणसाची तारीख मिळेना. पुलाच्या दोन्ही तोंडांना डांबराची रिकामी पिंपं आडवी लावून ठेवलेली. इकडं शाळा उघडायचा दिवस आला, माझं दहावीचं वर्ष, आणि नदी दोन्ही काठ धरून चाललेली. काहील बंद. मी सकाळी दप्तर भरून ओसरीवर बसले आणि पुलाकडं बघत राहिले. इतका जवळ, आणि पिंपांपलीकडं. तेवढ्यात गोठ्यातून घुंगरं वाजली. दादांनी हरण्या-बादल आणि मागची जोडी बाहेर काढली होती, शिंगांना रंग, कपाळाला भंडारा, आणि मागं शर्यतीचा गाडा. तात्या घोडीवर, फेट्यासकट. मला वाटलं घाटात निघाले. दादा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि गाड्याकडं बोट केलं.

"बस. आज गाडा रिकामा न्यायचा न्हाय."

मला ऐकूच आलं नाही. म्हणजे आलं, पण पटेना. आईनंच मला दंडाला धरून उठवलं, गाड्यावर पोतं घातलं, दप्तर मांडीवर दिलं आणि म्हणाली घट्ट धर. पुलाच्या तोंडाशी अख्खं गाव. पिंपं कुणीतरी आधीच बाजूला लोटली होती, कुणी ते विचारायचं नाही. साहेब पुलाच्या मधोमध उभे होते. नियमानं त्यांनी आम्हाला अडवायला हवं होतं. त्यांनी चष्मा वर ढकलला, खिशातून लाल निशाण काढलं, हात वर केला. दादा बैलांना चालवतच नेणार होते, शपथेवर सांगावं तसं ते नंतर मला सांगायचे. पण समोर चढ, दोन्ही कडेला माणसं, वाजणारी हलगी, आणि मग ते निशाण खाली पडलं.

देवा! माझ्याखालून जमीनच निघून गेली. गाडा उडत होता, मी उडत होते, दप्तर उडत होतं. सहावी कमान खालून गेली ती मला दिसली नाही, कळली, चाकांचा आवाज पोकळ झाला त्यावरून. मग पाणी. खाली लाल पाणी, मी वर कोरडी, आणि वाऱ्यानं भंडारा तोंडात आणि डोळ्यांत. मी ओरडत होते, "भिर्रर्र" म्हणून, हो, मी, दहावीतली मुलगी, साहेबांच्या नाकासमोरून. ते कठड्याला चिकटून उभे राहून हसत होते. तात्या पुढं मूठ वर करून. पलीकडचा काठ आला तेव्हा मला रडू फुटलं, संपलं म्हणून.

बैल थांबले ते शाळेच्या फाटकाशी. माझी वेणी पिवळी, तोंड पिवळं, दप्तर पिवळं. मी उतरले आणि पळत आत गेले, कारण घंटा होत होती आणि मला ह्या वर्षी पहिल्या दिवसापासून हजेरी लावायची होती. मागं वळून पाहिलं नाही. पुढचं तात्यानं मला सांगितलं, आणि मरेपर्यंत दर यात्रेला सांगायचा. गुरव घड्याळ हातात धरून पुलावरून पळत पळत आला. सवयीनं त्यानं घड्याळ दाबलं होतं, आणि अशी बारी त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तो दादांसमोर धापा टाकत उभा राहिला आणि वाट बघत राहिला. दादा फाटकाच्या गजांना धरून आत डोकावत होते. त्यांनी घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "आत गेली का?"